अपडेट केलं तरी पंचाईत, नाही केलं तरी पंचाईत!

बँकेच्या दारावर 'सिस्टिम अपग्रेडचं काम चालू आहे' अशी पाटी दिसली की आपण वैतागतो. पण हजारो कॉम्प्युटर असलेल्या बँका, इस्पितळं आणि विमान कंपन्या हे काम करतात तरी कसं? ते रखडलं तर काय होतं? आणि घाईत उरकलं तर?

शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळची साडेदहा-अकराची वेळ. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद... देशातल्या मोठ्या विमानतळांवर नेहमीसारखी गर्दी होती. अचानक काउंटरवरचे कॉम्प्युटर एकामागून एक निळे पडू लागले. बंद करून पुन्हा सुरू करावेत, तर पुन्हा तोच निळा पडदा! रांगा वाढत गेल्या, पोरं रडायला लागली, उड्डाणांच्या वेळा उलटून चालल्या. अखेर कर्मचाऱ्यांनी पेन उचललं आणि प्रवाशांना बोर्डिंग पास चक्क हातानं लिहून द्यायला सुरुवात केली. एकट्या इंडिगोला जवळपास दोनशे उड्डाणं रद्द करावी लागली.

सगळ्यांच्या मनात एकच शंका... व्हायरस तर नाही? शत्रुराष्ट्राचा हल्ला तर नाही?

तसलं काहीच नव्हतं. उलट, हा गोंधळ व्हायरसपासून रक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरनंच घातला होता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनं आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी अपडेट फाइल जगभर पाठवली. भारतीय घड्याळात तेव्हा सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. फाइलमध्ये खोट होती. चूक ध्यानात येऊन कंपनीनं ती मागं घेतली तेव्हा फक्त अठ्ठ्याहत्तर मिनिटं उलटली होती. पण तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले होते!

आणि खरी मेहनत तर पुढंच होती. जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, त्याला दुरून दुरुस्तीचा हुकूम सोडणार कसा? बहुतेक ठिकाणी माणसानं एकेका मशिनपुढं बसायचं, ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचं, ती फाइल शोधून पुसायची आणि पुढच्या मशिनकडं वळायचं. ज्या मशिनची डिस्क सुरक्षेसाठी कुलूपबंद असेल, तिथं आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाइप करायची. त्या किल्ल्यांची यादी बंद पडलेल्या सर्व्हरवरच असेल, तर मग विचारायलाच नको!

भारतातल्या बँका यातून बहुतांशी वाचल्या. रिझर्व्ह बँकेनं त्याच दिवशी सांगितलं, की फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. पण एक प्रश्न मागं उरला. एका कंपनीची एक फाइल एका तासात निम्म्या जगाला हात टेकायला लावत असेल, तर हे अपडेटचं खूळ हवंच कशाला? चालतंय ते चालू द्यावं की!

या प्रश्नाचं उत्तर त्याआधी सात वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या इस्पितळांनी दिलं होतं... आणि ते फार महाग पडलं होतं.

औषध होतं, घेतलं नव्हतं

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कॉम्प्युटर असो की मोबाइल, त्यातल्या सगळ्या कामांच्या मुळाशी एक मूळ सॉफ्टवेअर असतं. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. हाउसिंग सोसायटीत पाण्याचे पाइप, विजेच्या तारा, लिफ्ट आणि वॉचमन असतो ना, तशी ही ऑपरेटिंग सिस्टिम. आपण राहतो आपापल्या फ्लॅटमध्ये, म्हणजे बँकेचं अॅप, टायपिंग, ई-मेल वगैरेंत. पण नळाला पाणी येतं ते त्या पाइपांमुळं. पाइपाला कुठं भोक पडलं, तर ते बुजवावं लागतं. या बुजवण्याला म्हणायचं 'पॅच'. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असे पॅच काढते. आणि पाइपलाइनच जुनी झाली की ती पूर्ण बदलावी लागते. तो झाला 'अपग्रेड'.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक मोठं भोक बुजवणारा पॅच काढला. ज्यांनी तो बसवला ते निर्धास्त झाले. बाकीचे 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिले. १२ मे उजाडला आणि त्याच भोकातून 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर शिरला. कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा त्याचा धंदा. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्यानं ओलीस धरले. आपल्याकडं आंध्र प्रदेशातल्या काही पोलीस ठाण्यांतल्या कॉम्प्युटरांनाही त्याची लागण झाली.

सगळ्यात जास्त हाल झाले ते ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे. इंग्लंडमधल्या २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला. रुग्णांच्या नोंदी उघडेनात, तपासण्यांचे अहवाल मिळेनात. पाच भागांतल्या अपघातग्रस्तांना आणि तातडीच्या रुग्णांना दूरच्या इस्पितळांत जावं लागलं. रद्द झालेल्या भेटी आणि शस्त्रक्रियांचा अंदाज होता १९ हजारांहून अधिक!

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं याची चौकशी केली तेव्हा मन विषण्ण करणारी माहिती पुढं आली. पॅच तातडीनं बसवा, असा इशारा मार्च आणि एप्रिलमध्येच इस्पितळांना दिला गेला होता. सर्वांचा समज असा होता की बळी पडले ते जुनाट विंडोज एक्सपीवाले. प्रत्यक्षात लागण झालेल्यांतले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज सातवर चालणारे होते. म्हणजे औषध उपलब्ध होतं, दारापर्यंत आलं होतं. ते घेण्याचंच राहून गेलं होतं!

मग इस्पितळवाले इतके बेफिकीर होते का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. एमआरआयसारख्या यंत्रांच्या आतही विंडोज असतं आणि त्याला यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संमतीशिवाय हात लावता येत नाही. पॅच बसवायचा म्हणजे मशिन काही वेळ बंद ठेवायचं. रुग्ण दाराशी उभा असताना ते कधी बंद ठेवणार? आणि पॅचनंतर रक्ततपासणीचं सॉफ्टवेअरच चालेनासं झालं, तर बोलणी कोण खाणार? अशा साध्या, समजण्यासारख्या कारणांनीच हे काम पुढं ढकललं जातं.

एटीएमच्या पोटातलं म्हातारं विंडोज

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कोपऱ्यावरच्या एटीएमकडं बघा. बाहेरून ते नोटा देणारं कपाट दिसतं, पण त्याच्या पोटात एक साधा कॉम्प्युटर असतो. आपल्या देशातल्या कितीतरी एटीएममध्ये विंडोज एक्सपी होतं. हे एक्सपी बाजारात आलं २००१ साली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं त्याची देखभाल बंद केली. म्हणजे यापुढं पाइपाला भोक पडलं तर प्लंबर येणार नाही!

तरीही एटीएम चालतच राहिली. रिझर्व्ह बँकेनं २०१७च्या एप्रिलमध्ये बँकांना याबद्दल बजावलं. काम मुंगीच्या पावलांनी चाललेलं पाहून २१ जून २०१८ रोजी तिनं कडक परिपत्रक काढलं आणि वेळापत्रकच आखून दिलं. सप्टेंबर २०१८पर्यंत किमान २५ टक्के एटीएममधली ऑपरेटिंग सिस्टिम बदला, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९पर्यंत सगळी. मशिनला कोणीही पेनड्राइव्ह जोडू नये म्हणून यूएसबीची वाट बंद करा, मंजूर केलेल्या सॉफ्टवेअरशिवाय दुसरं काही चालू देऊ नका, अशाही सूचना होत्या.

कागदावर हे सोपं वाटतं. पण देशात एटीएम होती दोन लाखांहून अधिक! ती वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या वर्षी बनवलेली. कुठं मेमरी अपुरी, कुठं नव्या सिस्टिमला आतला कॉम्प्युटरच पेलवेना. एटीएम काही टेबलावरून उचलून आणता येत नाही. तंत्रज्ञालाच गावोगावच्या केबिनपर्यंत जावं लागतं. त्यात आत रोकड! खर्चाचा प्रश्न इतका टोकाला गेला, की नोव्हेंबर २०१८मध्ये एटीएम चालवणाऱ्या कंपन्यांच्या महासंघानं इशारा दिला... या आणि इतर नव्या नियमांमुळं देशातली निम्मी एटीएम बंद करावी लागतील! तसं झालं नाही. पण एक सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे किती माणसं, किती गाड्या, किती पैसा, याची कल्पना त्यावरून यावी.

लोडशेडिंगनं तारलं!

मोठ्या संस्थांच्या कॉम्प्युटरांची आणखी एक खोड असते. ते सगळे एकाच धाग्यात ओवलेले असतात. धागा तुटला तर माळच विखुरते. हा अनुभव मार्स्क या डेन्मार्कच्या बलाढ्य जहाज कंपनीला आला आणि त्याची झळ थेट आपल्या रायगड जिल्ह्यापर्यंत पोचली.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जात असे. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच 'नॉटपेट्या' नावाचं विष कालवलं. ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात चोर शिरला! युक्रेनमधून तो मार्स्कच्या जाळ्यात घुसला आणि पाहता पाहता कंपनीचे जगभरातले कॉम्प्युटर मेले. न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल मार्स्कच्याच समूहातली कंपनी चालवत होती. तिथलंही काम खोळंबलं, कंटेनर अडकून पडले.

मार्स्कच्या संपूर्ण जाळ्याची 'वहिवाट' लिहून ठेवणारे, म्हणजे कोण कर्मचारी, कुठलं मशिन, कोणाला कशाची परवानगी याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. एक बिघडला तर दुसऱ्यावरून नक्कल घेता यावी म्हणून ते एकमेकांशी जोडलेले. पण सगळेच एका वेळी पुसले जातील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. शोधाशोध सुरू झाली आणि एक सर्व्हर शाबूत सापडला... आफ्रिकेतल्या घानामध्ये! कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथं वीज गेली होती! इंटरनेट इतकं मंद, की नक्कल पाठवायला कितीतरी दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडं ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एक जण डिस्क घेऊन नायजेरियापर्यंत गेला, तिथं विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तिथून ती लंडनला पोचली. भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्यानं एका अब्जाधीश कंपनीला वाचवल्याचं हे एकमेव उदाहरण असावं!

पुढच्या दहा दिवसांत मार्स्कनं ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. एरवी या कामाला सहा महिने लागले असते, असं कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष यिम हागेमान स्नाबे यांनी २०१८च्या जानेवारीत दावोसला सांगितलं.

आधी सेक्रेटरीच्या विंगमध्ये

म्हणजे अपडेट नाही केलं तर वॉनाक्राय, केलं तर क्राउडस्ट्राइक. मग माणसानं करायचं काय?

पुन्हा सोसायटीकडंच वळू. समजा, दहा विंगचे पाइप बदलायचे आहेत. शहाणी कमिटी काय करते? सगळ्यांचं पाणी एकाच दिवशी तोडत नाही. आधी एका विंगमध्ये काम करते. शक्यतो सेक्रेटरी राहतात त्याच विंगमध्ये, म्हणजे गळलं तर पहिल्यांदा त्यांच्याच डोक्यावर! चार दिवस बघायचं, मग पुढच्या दोन विंग, मग उरलेल्या.

मोठ्या संस्थांमधली पद्धत नेमकी हीच. नवं अपडेट आलं की ते पहिल्यांदा कॉम्प्युटर विभागातल्या मोजक्या मशिनवर जातं. तिथं सुरळीत चाललं, की प्रत्येक खात्यातल्या थोड्या थोड्या मशिनवर. हिशेबखात्याचा छपाईयंत्राशी तंटा नाही ना, काउंटरवरचा स्कॅनर चालतो ना, हे इथं कळतं. मग मोठा गठ्ठा. सर्वांत शेवटी जिथं चूक परवडतच नाही अशा जागा, म्हणजे शस्त्रक्रियागृह, रोखपालाचा काउंटर. प्रत्येक टप्प्यावर 'थांबा' म्हणण्याची सोय आणि मागं फिरण्याची वाट ठेवलेली असते. क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात चुकलं ते इथंच. ती फाइल टप्प्याटप्प्यानं न जाता एकदम सगळीकडं गेली. आम्ही नवी आवृत्ती उशिरा घेऊ, असं ठरवून ठेवलेल्या ग्राहकांच्याही मशिनवर ती पोचली, कारण तो नियम या जातीच्या फाइलींना लागूच नव्हता. पुढं कंपनीनं अशा फाइलीही टप्प्यांनीच सोडण्याचं जाहीर केलं.

पण या सगळ्याआधी एक पायरी आहे आणि ती फार कंटाळवाणी आहे. यादी! आपल्याकडं मशिन किती, कुठं, किती वर्षांची, त्यावर काय चालतं, कोणाच्या ताब्यात? स्टेट बँकेच्या देशात २२ हजारांहून अधिक शाखा आहेत. अशा संस्थेत हा हिशेब वहीत ठेवणं अशक्य. म्हणून प्रत्येक मशिनमध्ये एक छोटं सॉफ्टवेअर बसवतात. ते मुख्यालयाला आपली खबर देत राहतं आणि तिथून आलेले हुकूम पाळतं. यालाच 'डिव्हाइस मॅनेजमेंट' म्हणतात. साहेबांचा ऑफिसचा मोबाइल रिक्षात विसरला, तर त्यातली माहिती दुरून पुसता येते, ती याचमुळं. यादीत नसलेलं मशिन मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्याला पॅच मिळत नाही आणि चोर नेमका तिथूनच शिरतो.

मध्यंतरी वडिलांना घेऊन मी एका बँकेत गेले होते. दारावर तीच पाटी, 'सिस्टिम अपग्रेड'. पेन्शनसाठी आलेले एक आजोबा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "बाई, तुमचं मशिन शिकेपर्यंत आमचं आयुष्य संपायचं!" ती बिचारी ओशाळून म्हणाली, "आजोबा, आम्हालाही आजच कळलं हो." चूक अपग्रेडची नव्हती. आदल्या आठवड्यात एक कागद दारावर डकवला असता, महिनाअखेर टाळून तारीख धरली असती, तर त्या आजोबांचा हेलपाटा वाचला असता. मशिनच्या यादीत माणसं धरायची राहून जातात, ती अशी.

ताईंनी फोन परत केले

हीच गोष्ट महाराष्ट्रानं २०२१ साली मोठ्या प्रमाणावर पाहिली. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९मध्ये सरकारनं मोबाइल फोन दिले होते. संख्या लाखाच्या घरातली. कामाची वही जाऊन फोन आला. बालकांचं वजन, उंची, आहार, सगळ्याची नोंद त्यातच. मग मार्च २०२१मध्ये केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' हे नवं अॅप आलं. अॅप भारी, फोनची मेमरी मात्र तुटपुंजी. फोन तापू लागले, अडकू लागले, अॅप उघडेना. वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचा खर्च खिशातून करावा लागतो आणि अॅप मराठीत नाही, या तक्रारी वाढत गेल्या. अखेर त्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सेविकांनी मोर्चे काढून आपले फोन सरकारला परत केले.

तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या बायकांनी जे सांगितलं, ते मोठमोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांना हजारो रुपयांच्या सल्ल्यातून कळतं. सॉफ्टवेअर वाढत जातं, यंत्र आहे तेवढंच राहतं. फोन वाटला म्हणजे काम झालं, असं नसतं. तो किती वर्षं चालणार, बिघडला तर कोण दुरुस्त करणार, नवं अॅप त्याला पेलणार का, हे वाटण्याआधीच ठरवावं लागतं. नाहीतर त्या ओझ्याखाली शेवटी माणूस वाकतो.

आता घरची पाळी

हाच पेच १४ ऑक्टोबर २०२५ला घराघरांत आला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज दहाची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. २०१५ साली आलेली ही सिस्टिम दहा वर्षं चालली. विंडोज अकरा घ्यावं, तर त्याला कॉम्प्युटरमध्ये एक विशिष्ट सुरक्षा चिप लागते. अनेक जुन्या मशिनमध्ये ती नाही किंवा त्यांचा प्रोसेसर चालत नाही. संस्थांना आणखी तीन वर्षांपर्यंत पॅच विकत घेता येतात, पण पहिल्या वर्षी दर कॉम्प्युटरमागं ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट! घरगुती ग्राहकांसाठीही मायक्रोसॉफ्टनं एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली. म्हणजे हजार कॉम्प्युटर असलेल्या कारखान्यापुढं तीनच वाटा उरतात... नवे घ्या, पैसे भरा, नाहीतर दार उघडं टाकून झोपा.

आपलं घरही आता एक छोटी संस्थाच झालं आहे. आईचा मोबाइल, बाबांचा लॅपटॉप, मुलांचा टॅब, टीव्ही. मोठ्यांचे नियम इथंही लागू पडतात. एका वहीत घरातल्या यंत्रांची यादी करा. कुठल्या फोनला कंपनीकडून अपडेट मिळणं बंद झालंय, ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. निदान त्या फोनवरून बँकेचे व्यवहार तरी करू नका. सुरक्षेचे छोटे पॅच आले की टाळाटाळ न करता घ्या. मोठा अपग्रेड मात्र मुलाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री करू नका! आधी फोटो आणि कागदपत्रांची नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवा, एका यंत्रावर करून बघा, मग बाकीच्यांवर. आणि अपडेट घ्यायचं ते यंत्राच्या सेटिंगमधूनच. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून कधीच नाही.

आणि पुढच्या वेळी बँकेत ती पाटी दिसली, तर रागावण्याआधी क्षणभर थांबा. आत कोणीतरी रात्र जागवून पाइप बदलतंय. त्यानं आधी सांगितलं नसेल, तर मात्र मॅनेजरसाहेबांना जरूर विचारा, "आम्हाला एक कागद आधी लावता आला नसता का?" कारण मशिन अपग्रेड होत राहतील, पण पेन्शनसाठी आलेल्या आजोबांना दुसऱ्यांदा जिने चढायला लावू नये, एवढी काळजी माणसांनीच घ्यायची असते.